गौरीच्या नैवेद्याचे मासे

विलासने रिकामी बादली दाराआड ठेवली. मला दिसू नये म्हणून. पण एकोणचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने काय कुठे लपवलं ते बायकोला शोधावं लागत नाही.

"नाही?" मी विचारलं.

"नाही. काल नाही, आजही नाही." तो खुर्चीत बसला आणि डाव्या हाताने उजव्या पायातला बूट ओढू लागला. मी मदतीला वाकले नाही. वाकले असते तर भडकला असता.

ही २०१२ मधली गोष्ट. सप्टेंबरचा शुक्रवार होता. ऑन्टारिओतल्या लिंडसेजवळच्या तळ्याकाठच्या आमच्या घरात सकाळीच गौरी आल्या होत्या. उद्या, शनिवारी, त्यांचं जेवण. आणि आमच्याकडे गौरीला पुरणपोळी चालत नाही, मासे लागतात. मी रेवदंड्याची, विलास अलिबागचा. आमच्या दोन्ही घरांत गौरीला तिखटाचाच नैवेद्य. आता गणपती पडला शाकाहारी आणि गौर त्याची आई. म्हणून तिचं जेवण होईपर्यंत दोघांच्या मध्ये पडदा धरायचा. आई काय खाते ते लेकाला दिसायला नको. मला लहानपणापासून ही सोय फार आवडते.

सासूबाईंची एकच ताकीद होती: मासा ताजा पाहिजे. बर्फातला गौरीला वाढायचा नाही. ऑन्टारिओत समुद्र नाही ही सबब त्यांनी पत्रातूनसुद्धा ऐकून घेतली नव्हती. तेव्हा पुलांची गणितं करणारा हा इंजिनियर मासेमारी शिकला आणि एकोणतीस वर्षं गौरीच्या दिवशी तळ्यातले मासे धरून आणत राहिला. क्रॉपी नावाचे. तळहातापेक्षा थोडे मोठे, चपटे, अंगावर काळे ठिपके आणि आत मांस पांढरंशुभ्र. तांदळाच्या पिठात घोळवून तळले की पापलेटाची आठवण येते. आठवणच येते म्हणा, पापलेट ते पापलेट.

एकोणतीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. नोकरी गेली त्या वर्षीही नाही, पाठ धरली होती त्या वर्षीही नाही. पण एप्रिलमध्ये विलासला झटका आला. मोठा नव्हता, बोलणं-चालणं सगळं परत आलं, फक्त उजव्या हाताची पकड गेली. कप धरला की बशीत खडखडतो. मुलाने बोटीवर बंदी घातली, डॉक्टरांनी "एकट्याने जायचं नाही" म्हटलं, आणि उन्हाळाभर आमची ॲल्युमिनियमची बोट काठावर पालथी पडून राहिली. विलास तिच्याकडे बघायचाही नाही. उन्हाळ्यात एकदाच म्हणाला होता, "गौरीचे मासे मात्र मीच आणणार." त्या वाक्यात काय काय होतं ते मला कळलं होतं.

क्रॉपी धक्क्यावरूनही मिळतात. दर वर्षी सप्टेंबरात ते काठच्या गवतात असतात, खुर्ची टाकून बसलं तरी काम होतं. पण या वर्षी बुधवारी गणपती बसले आणि त्याच संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला. एका रात्रीत थंडी अशी पडली की गुरुवारी सकाळी गाडीची काच खरवडावी लागली. सप्टेंबरात! मी कपाटातून जाड कोट काढला आणि मासे काठ सोडून गेले.

"गेले कुठे?" मी विचारलं.

"खोल. काठचं पाणी एकदम गार झालं की ते वीस फुटांवर जाऊन थांबतात. पण उघड्यावर नाही थांबत. त्यांना लाकूड लागतं, आडोसा. बुडालेलं झाड वगैरे. या बाजूला तळाशी नुसता चिखल आहे." त्याने उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाला, "वरणभात दाखव यंदा गौरीला. संपलं आता हे सगळं."

तेवढ्यात लव्हालहून, फ्रेंच मुलखातून, निमिषचा फोन. आमचा मुलगा. तो आणि यामिनी, त्याची नवी बायको, उद्या येणार होते. यामिनीची ही पहिली गौर.

"आई, फ्रोझन तिलापिया आण ना. से पा ग्राव, काही बिघडत नाही. नोबडी विल नो."

"गौरीला कळेल," मी म्हटलं.

"अँड प्लीज, बाबांना बोटीत जाऊ देऊ नकोस. आय ॲम सीरियस."

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. बरं म्हणजे ऐकलं. मान्य केलं असं नव्हे.

मी कढई घासायला घेतली. स्वयंपाकघराची खिडकी तळ्याकडे आहे आणि भांडी घासताना माझी नजर आपोआप एकाच जागी जाते. एकोणतीस वर्षं जाते. धक्क्याच्या टोकावरून सरळ पुढे, जिथे काहीच नाही, नुसतं पाणी आहे, तिथे. त्या पाण्याखाली माझ्या आईचा पाट आहे.

आणि कढई माझ्या हातातून सिंकमध्ये पडली.

"विलास! मखर!"

तो दचकून उठला. "काय झालं मखराला?"

"हे नाही. त्र्याऐंशीचं!"

आता ते त्र्याऐंशीचं प्रकरण सांगायला हवं. तसं आमच्या ओळखीत ते कोणाला सांगायची गरज नाही, कारण दर वर्षी गौरीच्या जेवणाला मी ते सगळ्यांदेखत सांगते. त्या वर्षी आमच्याकडे पहिला गणपती बसला, आणि विलासने त्याच्यासाठी मखर केलं. पूल बांधणाऱ्याने मखर केलं म्हणजे काय होणार? मेपलचे खांब, तीन मजले, हलू नये म्हणून तळाला सिमेंटचे सहा ठोकळे. मूर्तीखाली माझ्या आईचा शिसवी पाट, पितळी फुलं ठोकलेला, माझ्या लग्नात मी ज्यावर बसले तो. मी तो विमानातून मांडीवर घेऊन आणला होता. या गृहस्थाने तो मखराला चार बोल्टांनी आवळला. विसर्जनाच्या दिवशी याच्या आणि उल्हासच्या अंगात आलं. उल्हास म्हणजे याचा एटोबिकोचा मित्र. पिंपांचा तराफा करायचा, अख्खं मखर त्यावर चढवायचं, तळ्यातून मिरवणूक काढायची आणि मग फक्त मूर्ती विसर्जित करायची. मी म्हटलं, पाट आधी सोडवा. "वजनाचं गणित केलंय," विलास म्हणाला. दीडशे फुटांवर तराफा कलला. गणपतीचं विसर्जन झालंच, मखराचंही झालं, पाटाचंही झालं. दोघे पोहत काठाला आले तेव्हा मी धक्क्यावर रडत उभी होते.

विलास आता माझ्याकडे टक लावून बघत होता. "मेपलचे खांब," तो हळूच म्हणाला. "तीन मजले. अठरा-वीस फूट पाणी." आणि मग चेहरा पडला. "पण नक्की जागा कोणाला आठवते? ते डावीकडे होतं, खाडीच्या तोंडाशी."

"काहीतरीच! डावीकडे कुठे? मला विचार. तू बुडत होतास, मी बघत होते."

आमच्या रेवदंड्याचे कोळी समुद्रातली जागा अशीच लक्षात ठेवतात. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, मग दुसऱ्या दोन, आणि दोन रेषा जिथे मिळतील तिथे जाळं. मी काही त्या हेतूने खुणा धरल्या नव्हत्या. मी नुसती रागाने बघत होते. पण तराफा कलला तेव्हा पलीकडच्या काठावरच्या लाल छपराच्या बोटहाउसच्या बरोबर डोक्यावर टेकडीवरच्या चर्चचं टोक होतं, आणि नंतर भांडी घासताना कळलं की ती जागा माझ्या खिडकीतून धक्क्याच्या टोकावर येते. राग असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

"उद्या सकाळी मी येते बोटीत," मी म्हटलं.

"तू? तू आयुष्यात गळ धरला नाहीस."

"मग तू शिकव. आणि मला लायसन्सही लागत नाही, पासष्ट उलटली माझी."

तो हसला. एप्रिलनंतर असा हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

शनिवारी सकाळी सातला आम्ही धक्क्यावर होतो. अंगात लाइफ जॅकेटं, त्याखाली कोट, माझ्या साडीखाली निमिषची जुनी स्कीची पँट. गवत दहिवराने पांढरं पडलं होतं. मोटर सुरू करायची दोरी उजव्या हाताने ओढावी लागते, म्हणजे ती मला ओढायची होती. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा खोकल्यासारखा आवाज. तिसऱ्यांदा मी सासूबाईंचं नाव घेऊन ओढली आणि मोटर धडधडायला लागली. मी ओरडलेच. विलासही ओरडला. काठावरचं एक बदक रागावून उडून गेलं.

आणि दहा मिनिटांत आमची फजिती झाली. तळं अजून उबदार होतं, हवा गार. पाण्यावरून धुकं उठत होतं आणि काठ पूर्ण झाकला गेला होता. चर्च नाही, बोटहाउस नाही, माझी खिडकी नाही. मी मोटर बंद केली. आम्ही नुसते तरंगत राहिलो.

"किती वाजले?"

"पावणेआठ."

साडेअकराला पाहुणे येणार, बाराला नैवेद्य. मासे साफ करायला अर्धा तास, कालवणाला, तळणाला एक तास. मी मनात उलटं मोजत होते आणि विलास डाव्या हाताने गळ तयार करत होता. पिसं लावलेला इवलासा पांढरा गळ, आणि दोरीवर मागेपुढे सरकवता येणारं, पाण्यावर तरंगणारं लाल बोंडूक. गाठ मात्र त्याच्याच्याने बसेना. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा त्याने दोरी माझ्यापुढे केली. मी गाठ मारली. चाळीस वर्षं ब्लाउजना हुक लावलेत, त्यापुढे हे काय!

सव्वाआठला वारा आला. आधी बोटहाउसचं लाल छप्पर दिसलं. मग बराच वेळ काही नाही. मी श्वास धरून बसले होते, आणि एकदम धुक्यातून चर्चचं टोक वर आलं, पण छपरापासून केवढं तरी उजवीकडे.

"चल! चल!" मी मोटर ओढली, पहिल्याच झटक्यात लागली. टोक सरकत सरकत छपराच्या डोक्यावर आलं. मान वळवून मागे पाहिलं तर स्वयंपाकघराची खिडकी धक्क्याच्या डावीकडे. अजून थोडं पुढे. अजून. "इथे!"

"माधवी, हे चुकीचं आहे, डावीकडे—"

"नांगर टाक."

त्याने टाकला. दोरी सरसर गेली आणि थांबली. चिखलात रुतते तशी मऊ नव्हे. टक् करून. विलासने दोरीला हात लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि माझ्याकडे बघितलं तेव्हा त्याचे डोळे बारा वर्षांच्या पोरासारखे झाले होते. "लाकूड आहे," तो कुजबुजला. का कुजबुजला देव जाणे. तळ्यावर आम्ही दोघंच होतो.

"आता ऐक. बारा फूट सोड. हलवू नकोस. गारठलेला मासा धावून येत नाही, त्याच्या तोंडापुढे धरून वाट बघायची. आणि लागला तर झटका द्यायचा नाही. याचे ओठ कागदासारखे असतात, फाटतात. नुसतं वर उचलायचं."

मी सोडलं. बोंडूक पाण्यावर उभं राहिलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. पाच मिनिटं. दहा. बोटं बधिर झाली. विलास म्हणाला, "दोन फूट खाली घे." घेतलं. पुन्हा वाट.

आणि मग बोंडूक आडवं झालं. बुडालं नाही, नुसतं थकल्यासारखं पाण्यावर आडवं पडलं.

"काय झालं याला?"

"उचल! खालून घेऊन वर आलाय! उचल, उचल, हळू!"

मी उचललं आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी होतं! जिवंत! माझ्या मनगटातून थेट खांद्यापर्यंत आलं ते. काठी वाकली, मी "अगं बाई, अगं बाई" करत राहिले, विलास "झटका नको, झटका नको" करत राहिला, आणि पाण्यात खाली काहीतरी चांदीसारखं लखलखलं. विलासने डाव्या हाताने जाळी खाली घातली. एका हाताला भार पेलेना. त्याने उजवा हातही दांड्यावर ठेवला, दोन्ही हातांनी जाळी वर घेतली. मासा बोटीत आला.

क्रॉपी. चांगला जाडजूड, काळ्या ठिपक्यांचा.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसायला लागलो. मी त्याला मिठी मारायला उठले, बोट डुचमळली आणि तो ओरडला, "बस खाली! पुन्हा विसर्जन नको!"

मग काय विचारता. सोडलं की आडवं, सोडलं की आडवं. एकदा मी झटका दिलाच आणि मासा ओठ फाडून गेला. विलास नुसता सुस्कारला. पाचव्यानंतर मी काठी त्याच्या डाव्या हातात दिली आणि जाळी घेतली. त्याने चार काढले. सव्वानऊला बादलीत नऊ मासे होते. गौर, सहा माणसं, आणि वर दोघांना दुसरा तुकडा.

"पुरे," विलास म्हणाला. "बाकीचे राहू देत."

मी नांगर ओढू लागले. अडकला होता. दोघांनी मिळून ओढला. काहीतरी सुटलं आणि दोरी जड जड वर येऊ लागली. पाण्याखाली काळं, चौकोनी काहीतरी दिसलं. नांगराच्या आकड्यात तिरकं अडकलेलं. वर आलं तेव्हा त्यावर शेवाळ होतं, मी तळव्याने पुसलं आणि हिरव्या पडलेल्या पितळेचं एक फूल दिसलं.

बोल्ट गंजून गेले होते. पाट शाबूत होता.

एकोणतीस वर्षं मी या पाटासाठी या माणसाला बोलले होते. सणाला बोलले, भांडणात बोलले, चारचौघांत तर दर वर्षी. विलासने मान खाली घातली. "घे," तो म्हणाला. "तुझ्या आईचा. घरी नेऊ. मी घासून, पॉलिश करून देतो. एका हाताने करीन, वेळ लागेल." आणि मग, इतक्या वर्षांत प्रथमच, "चुकलं माझं तेव्हा. तू सांगत होतीस, आधी पाट सोडव."

मी पाटावरून हात फिरवला. गार होता. मग मी खाली पाण्याकडे पाहिलं, जिथून तो आला होता. मासे तिथेच होते, अजून कितीतरी. पुढच्या वर्षी गौरी येणार होत्या, त्याच्या पुढच्या वर्षीही. थंडी लवकर पडली तर माशांनी जायचं कुठे? आणि विलासने?

"हा छपराचा भाग असेल नाही त्यांच्या घराचा?"

"असेल," विलास म्हणाला.

मी आकडा सोडवला. पाट दोन्ही हातांनी पाण्यावर धरला आणि सोडून दिला. शिसवीच तो, तरंगला नाही. सरळ खाली गेला. मला वाटलं होतं वाईट वाटेल. नाही वाटलं. भूक मात्र कडकडून लागली होती.

बाराला नैवेद्य दाखवला. कालवण, तळलेल्या तुकड्या, भात, सोलकढी. पडदा धरायचं काम दर वर्षी विलासचं. त्याने डावं टोक धरलं, उजवं निमिषने, आणि पलीकडे गणपती काहीही न कळल्यासारखा बसून राहिला. निमिषला बोट ओली दिसली होती, पण पहिला घास खाल्ल्यावर तो ती विसरला. "वाव," एवढंच म्हणाला.

उल्हास मात्र गप्प बसेना. तो आणि त्याची बायको शीला एटोबिकोहून आले होते, आणि येताना दोन तळ्यांवर थांबून रिकाम्या हाताने आले होते. "काय राव, एवढ्या थंडीत? सगळं तळं ओस पडलंय! कुठे मिळाले?"

"मिळाले," विलास भाताकडे बघत म्हणाला.

"अरे पण कुठे?"

"पाण्यात."

शीला हसली. तेवढ्यात यामिनी माझ्याकडे वळली. नवी सून, जरा लाजत, पण मनापासून. "आई, ती पाटाची गोष्ट सांगा ना. निमिष म्हणतो तुम्ही दर गौरीला सांगता. कुठे बुडाला, कसा बुडाला. मला ऐकायचीय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दर वर्षी याच वेळी मी हात धुऊन, पदर खोचून सुरुवात करते. विलासची मान सवयीने खाली गेली. उल्हासने घास हातातच धरला आणि त्याचे डोळे हळूच बारीक झाले. मखर बुडवायला तोही होता. मी एक शब्द जरी काढला असता तरी तो सोमवारी बोट घेऊन हजर झाला असता.

"कसला पाट?" मी म्हटलं.

"अहो वहिनी, शिसवी! पितळी फुलांचा!" उल्हास म्हणाला. "एकोणतीस वर्षं आमचं डोकं खाल्लंत!"

"मला काही आठवत नाही बाई. वय झालं. शीला, अजून भात घे."

विलासने मान वर केली. माझ्याकडे बघत राहिला, इतका वेळ की यामिनीने निमिषकडे पाहिलं. मग त्याने ताटातली सर्वांत मोठी तुकडी उचलली आणि माझ्या ताटात वाढली. उजव्या हाताने. कालवणाचे चार थेंब माझ्या नव्या टेबलक्लॉथवर सांडले. मी तुकडी खाल्ली.